जाळीफुलाची सवत

नाकवालीला नाकवाली का म्हणतात, हे विचारायला कुणी तिच्या नर्सरीत गेलं, तर ती आधी त्या माणसाला डोळे मिटायला लावायची. मग त्याच्या नाकाखाली एकामागून एक दोन पानं धरायची आणि विचारायची, "काय फरक आहे सांग?" माणूस म्हणायचा, दोन्ही सारखीच, हिरवी हिरवी. "म्हणूनच मला नाकवाली म्हणतात," एवढं बोलून ती कामाला लागायची. फार बोलायची तिला सवय नव्हती, आणि जे बोलायची त्यात समोरच्याची थोडी तरी जिरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

नर्सरी बस डेपोच्या मागच्या भिंतीला लागून होती. सोळा वाफे, एक पत्र्याची शेड, सिमेंटची टाकी, आणि शेडला चिकटून दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराची खिडकी थेट वाफ्यांवर उघडायची. जमिनीला उतार होता, आणि उताराच्या तळाशी, शेवटच्या वाफ्याला घासून, एक नाला जायचा. डेपोत बस धुतल्या की नाल्याला फेस यायचा, एरवी तो आपला गुपचूप वाहायचा. हा नाला लक्षात ठेवा. जे काय वाईट झालं ते नाल्यामुळे झालं, असं नाकवाली पुढे बरेच दिवस म्हणत होती. नंतर तिने तसं म्हणणं सोडून दिलं.

तिच्याकडे इतर नर्सऱ्यांत मिळतं ते काही मिळायचं नाही. तिच्या सोळाही वाफ्यांत एकच झाड होतं, जाळीफूल. हे झाड कुणी बाहेरून आणलेलं नव्हे, तिथल्याच मातीतलं. कंबरेएवढं वाढतं, एका देठातून छत्रीच्या काड्यांसारखे बारीक देठ फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चिमूटभर झुपका. लांबून बघितलं तर कुणी दोरीवर लेस वाळत घातलीय असं वाटावं. बी ताजं पेरावं लागतं, जुनं झालं की रुसतं. पेरलं तरी एक थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही, आणि उगवलं तरी फूल तिसऱ्या वर्षी. पण एकदा जमिनीत बसलं की बसलं. थंडीत वरचं सगळं काळं पडून जातं, खाली मूळ जिवंत राहतं आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा वर येतं. पाणी नको, खत नको, लाड नकोत. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "लावणारी मरेल, पण हे मरायचं नाही." आणि झालंही तसंच. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, त्यांनी लावलेली झाडं अजून फुलत होती.

आता या जाळीफुलाला एक सवत होती. सवत हे नावही सासूबाईंनीच ठेवलेलं. नाल्याच्या ओलीत ती आपोआप उगवायची. पान तेच, फूल तेच, उंची तीच. आपल्या झाडाचं पान चुरडलं तर बडीशेपेचा वास, सवतीचं चुरडलं तर उंदराच्या बिळाचा. आपल्या झाडाचं पान लोक येता-जाता चघळायचे, तोंड गोड व्हायचं, घसा मोकळा व्हायचा. सवत पोटात गेली तर आधी पाय जातात, मग हात, मग श्वास, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं. सवतीच्या मोठ्या झाडाच्या देठावर तांबडे डाग पडतात, मग काय, शेंबडं पोरही ओळखेल. पण दोन वर्षांची होईपर्यंत दोघींचे देठ सारखेच हिरवेगार. तोवर वासाशिवाय इलाज नाही, आणि कोवळ्या रोपाचा वास इतका पुसट की तो शिकावा लागतो.

सासूबाईंनी तिला तो तीन वर्षं शिकवला. डोळ्यांवर फडकं बांधायच्या, नाकाखाली पान धरायच्या, चुकली की पाठीत धपाटा. त्यांचा नियम पक्का होता. आधी नाक. नाकाला शंका आली तरच जीभ, तीही नुसतं टोक टेकवायचं, थुंकायचं, चूळ भरायची. आणि एकदा जीभ लावली की त्या दिवशी पुन्हा लावायची नाही, दुसरं रोप दुसऱ्या दिवशी. नाकवालीवर जीभ लावायची वेळ कधी आली नाही. तिचं नाक सासूबाईंच्याही वरताण निघालं. दारात गिऱ्हाईक आलं की ती कुंडीतलं एक पान खुडायची, वास घ्यायची, मग ते पान चावून खाऊन दाखवायची आणि म्हणायची, "आपलंच आहे." मगच कुंडी बाहेर जायची. तिच्या या दोन शब्दांवर लोक डोळे झाकून रोप घरी न्यायचे, मुलाबाळांच्या हाताला येईल असं खिडकीत ठेवायचे.

सून घरात आली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा डेपोतच मेकॅनिक, सकाळी जायचा तो संध्याकाळी ग्रीस माखून परत यायचा. सून शांत, कामाला वाघ, आणि सासूच्या टोमण्यांना हसून घालवणारी. पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "आई, मला शिकवाल का वास?"

"शिकवीन की. कुठे पळून चाललाय वास."

दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. खरं सांगायचं तर नाकवालीला शिकवायचं नव्हतं. नवरा गेला, मुलगा बायकोचा झाला, घरातल्या चाव्यासुद्धा आपोआप सुनेच्या हातात गेल्या. तिचं स्वतःचं असं नाक तेवढं उरलं होतं. तेही वाटून टाकलं तर आपल्याला विचारणार कोण, या भीतीने तिने हातचं राखून ठेवलं. वाईट बाई नव्हती ती. पण या बाबतीत ती कोती वागली, आणि हे तिनेच पुढे कबूल केलंय.

मग चार वर्षांपूर्वी तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणाला खिळली. नवव्या दिवशी उठून तोंड धुवायला गेली, साबण हातात घेतला आणि थबकली. साबणाला वास नव्हता. तिला वाटलं, सुनेने भलताच साबण आणलाय. मग चहाला वास नव्हता, मातीला वास नव्हता. वाफ्यात जाऊन तिने जाळीफुलाचं पान चुरडलं, नाकात कोंबलं म्हणा ना, आणि काहीही आलं नाही. ती तिथेच वाफ्याच्या बांधावर बसली. 

ती डॉक्टरकडे गेली, पण गल्लीतल्या नाही, तीन बसथांबे लांबच्या. त्याने नळी घालून बघितलं आणि म्हणाला, येईलही, नाहीही येणार. तिने हे मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत वाट बघितली, आणि दारात गिऱ्हाईक आलं की पान खुडून नाकाला लावत राहिली. "आपलंच आहे" म्हणत राहिली. फक्त चावून दाखवणं तिने बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, दाढ दुखते.

पहिली दोन वर्षं निभावली, कारण झाडं जुनी होती, ओळखीची होती. पण खालचा वाफा दरवर्षी नाकाने तपासून सवत उपटावी लागायची. तो आता ती अंदाजाने तपासायची, म्हणजे तपासायचीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्या खालच्या वाफ्यातल्या झाडांना ताटाएवढी फुलं आली, आणि दाटी इतकी की खालचे देठ पानांत झाकून गेले होते. बी धरायची वेळ आली तेव्हा सून म्हणाली, "आई, हे नाल्याजवळचं आहे. घ्यायचं का?" नाकवालीने मूठभर बी नाकाशी नेलं. सून बघत होती. तिला म्हणता आलं असतं, राहू दे. पण नाल्याजवळचं बी नाकारायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण द्यायला वास यावा लागला असता.

"आपलंच आहे," ती म्हणाली. "हेच पेरू."

त्याच थंडीतली गोष्ट. नाकवाली शेगडीशेजारी बसून बियांच्या पुड्या बांधत होती. सून बाहेरून धावत आली आणि तिने पातेलं उतरवलं. दूध करपून तळाला कोळसा झाला होता, घरभर करपट वास.

"आई, तुम्ही इथेच होतात ना?"

"पाय दुखत होता, त्यात लक्ष गेलं."

सुनेने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग खाली बसून ती पातेलं खरवडायला लागली. नाकवालीच्या मनात आलं, सुटले.

या वर्षी त्या बियांची रोपं विकायची झाली. साठ कुंड्या शेडमध्ये लावल्या. कुठली कुंडी दारात न्यायची हे काम सुनेने आपण होऊन अंगावर घेतलं. सकाळी ती शेडमध्ये जायची, बराच वेळ आत असायची आणि दोन-चार कुंड्या आणून दारात मांडायची. "आजच्या ह्या, आई." नाकवालीला बरंच वाटलं, खेपा वाचल्या. ती आपली दारात बसून पान नाकाला लावायची, दोन शब्द म्हणायची आणि कुंडी द्यायची. महिन्याभरात चोवीस कुंड्या गेल्या.

याच दिवसांत सुनेचं काहीतरी बिनसलं. शेडमधून आली की ती नळाशी जायची आणि थुंकायची, चूळ भरायची, पुन्हा थुंकायची. एकदा हातातून कप पडला. एकदा सुईत दोरा जाईना म्हणून तिने सुई तशीच टोचून ठेवली. जेवताना म्हणाली, जीभ जड झालीय, चव लागत नाही. नाकवालीने हे सगळं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सकाळी उठून थुंकणारी सून बघून कुठल्या सासूला काय वाटेल ते तिलाही वाटलं. तिने विचारलं नाही, दृष्ट लागायला नको म्हणून. गुपचूप तिच्या ताटात तूप जास्त वाढायला लागली, जड घमेली उचलू देईना. "तू बस गं. मी आहे ना." सुनेला हे कोडं उलगडेना, ती आपली हसायची.

आणि मग शेळी मेली.

शेजारच्या घराची शेळी होती. नाकवालीने खालच्या वाफ्यातली दाटी विरळ करून कोवळी रोपं भिंतीपलीकडे टाकली होती, ती शेळीने खाल्ली. सकाळी खाल्ली, दुपारी तिचे मागचे पाय गेले. मग पुढचे. शेजारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि शेळी उघड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होती. उन्हं कलेपर्यंत बघत होती. "काय खाल्लं असेल हिने?" शेजारणीने विचारलं. नाकवाली म्हणाली, "डेपोत काहीबाही पडलेलं असतं, त्यातलं असेल." आणि तिथून ती तडक खालच्या वाफ्यात गेली.

तिने वाकून पानं बाजूला केली. देठांवर तांबडे डाग होते. एका नाही, दोन नाही, अर्ध्याहून जास्त झाडांवर. डाग शिंतोडे उडाल्यासारखे बुंध्यापासून वर चढत गेले होते. सासूबाई असत्या तर त्यांनी धपाटा घातला नसता, त्यांनी तोंड फिरवलं असतं. याच झाडांचं बी तिने सुनेसमोर नाकाला लावलं होतं. याच बियांच्या चोवीस कुंड्या गावभर खिडक्यांत बसल्या होत्या, आणि येणारा-जाणारा एकेक पान खुडून तोंडात टाकत असणार, कारण नाकवालीने सांगितलं होतं, आपलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने हातगाडी काढली. सून शेडच्या दारात उभी होती.

"कुठे निघालात?"

"कुंड्या परत आणायला. मुळांना कीड लागलीय. लोकांना म्हणेन, पुढच्या वर्षी बदलून देते."

"कीड? मी कालच बघितली मुळं. स्वच्छ आहेत."

"तुला काय कळतं त्यातलं?" नाकवाली फटकन बोलून गेली. घाबरलेलं माणूस असंच बोलतं. "आणि शेडमधल्या छत्तीसही फेकायच्या आहेत. आल्यावर सगळ्या उपटते."

"सगळ्या? त्यात चांगल्याही आहेत, आई."

"तू कोण सांगणारी?"

सून गाडीजवळ आली. मग हळूच म्हणाली, "फेकू नका. नाव जाईल तुमचं." नाकवालीने ऐकलं, पण थांबून विचारायला तिच्याकडे वेळ नव्हता. ती गाडी ढकलत निघाली.

त्या दिवशी तिने इतकी दारं वाजवली की हाताची हाडं दुखायला लागली. दार उघडेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. दार उघडणारं माणूस दोन पायांवर उभं आहे हे दिसलं की ती श्वास सोडायची. इस्त्रीवाला इस्त्री करतच होता, म्हणाला, "कीड? मी तर रोज पान खातो." शिंपीण म्हणाली, "माझा खोकला गेला की हो याने." दातांच्या डॉक्टरकडे तर कुंडी बाहेरच्या बाकाजवळच होती आणि पेशंट वाट बघता बघता तिची दोन-चार पानंच शिल्लक ठेवून गेले होते. प्रत्येक ठिकाणी तीच गत. सगळ्यांनी खाल्लं होतं, आणि सगळे ठणठणीत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आज नाही तर उद्या, या विचाराने ती गाडी आणखी जोरात ढकलायला लागली.

चोविसावी कुंडी निवृत्त मास्तरांकडे होती. मास्तरांची नात पायरीवर बसून पान चघळत होती. नाकवालीने तिच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. पोर भोकाड पसरून आत पळाली.

"अहो, काय चाललंय?" मास्तर बाहेर आले. "रोज खाते ती. तुम्हीच सांगितलंत, आपलंच आहे म्हणून."

"मास्तर," नाकवाली म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "जरा एक काम करा. या कुंडीतलं पान चुरडा आणि कसला वास येतो सांगा."

"मी सांगू? तुमच्यासमोर?" मास्तर हसले. "परीक्षा घेताय का म्हातारपणी?" पण त्यांनी पान चुरडलं. "बडीशेप. दुसरं काय?"

"आता ही."

"बडीशेप."

दोन वर्षांची होत आलेली रोपं ती, देठांवर डाग यायला अजून वेळ होता, पण वास आता कुणाच्याही नाकाला यावा इतका उतरला होता. तिने मास्तरांना हातगाडीशी नेलं आणि एकेक करून चोवीस कुंड्या हुंगायला लावल्या. उन्हात उभे राहून मास्तर हुंगत होते. बडीशेप. बडीशेप. एकदाही दुसरा शब्द आला नाही. "आता बास करा," ते शेवटी म्हणाले, "मला पान खावंसं वाटायला लागलंय."

नाकवाली गाडीला टेकली. रडू येईल असं वाटलं तिला. चोवीसच्या चोवीस चांगल्या. देव पावला म्हणा, नशीब म्हणा. तिने गाडीचा दांडा धरला, दोन पावलं टाकली आणि थांबली.

हे नशीब नव्हतं. अर्ध्याहून जास्त झाडांवर डाग होते. त्यांच्या बियांची साठ रोपं, आणि त्यातली चोवीस उचलली तर चोवीसही चांगली निघतात, असं नशीब कुणाचं नसतं. कुणीतरी निवडली होती. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन, दोन-दोन, चार-चार. आजच्या ह्या, आई. पण तिला वास शिकवलेला नाही. मग तिने निवडली कशी?

नळाशी वाकलेली सून तिच्या डोळ्यांसमोर आली. थुंकणारी. चूळ भरणारी. हातातून निसटलेला कप. जड झालेली जीभ. गोड बातमी म्हणून ताटात वाढलेलं तूप.

तिने हातगाडी मास्तरांच्या दारात तशीच सोडली आणि धावत सुटली. पासष्ट वर्षांची बाई भर रस्त्यातून धावतेय म्हणून लोक वळून बघत होते. डेपोच्या भिंतीपर्यंत तिचा श्वास संपला, तिथून ती भिंतीला हात टेकत टेकत चालत आली.

शेडसमोर छत्तीस कुंड्या दोन रांगांत मांडल्या होत्या. एका रांगेत पंधरा, एका रांगेत एकवीस. प्रत्येक रोपाचं एक पान खुडलेलं. सून टाकीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, पाय लांब पसरलेले. सासूला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, पण पाय हललेच नाहीत.

"पाय बधिर झालेत, आई. मघापासून उठता येईना." बोलताना तिची जीभ अडखळत होती. "या पंधरा आपल्या आहेत. त्या एकवीस नाहीत. सगळ्या फेकू नका."

नाकवालीने एकवीसच्या रांगेकडे बघितलं. काही रोपांची खुडलेली जागा वाळून तपकिरी झाली होती, ती आधीच्या दिवसांची. काहींची ओली, हिरवी होती. तिने ओल्या मोजल्या. अकरा. अकरा वेळा, एका सकाळी.

"चावून बघितलंस?"

"तुम्ही दारात दाखवायचात तसंच. नुसत्या वासावर माझा भरवसा नव्हता. गोड लागलं की आपलं. जिभेला आग झाली की थुंकून टाकायचं."

"अगं, जीभ दिवसातून एकदाच लावायची असते. नुसतं टोक."

"ते मला कुठे माहीत होतं," सून म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं, कारण सांगणारीने सांगितलं नव्हतं.

नाकवाली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.  "मला वास येत नाही गं. चार वर्षं झाली."

"माहितीये. दूध करपलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," सून म्हणाली, आणि तिचा हात मांडीवरून घसरून जमिनीवर पडला. तो उचलायला गेली, पण तिला उचलता आला नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली. डोळे उघडे, सगळं समजत असलेले. नाकवालीने ते डोळे आदल्या दिवशीच शेळीचे बघितले होते.

मग ती ओरडली. भिंतीपलीकडून मुलगा आला, त्याच्यामागे डेपोतले चौघे आले, आणि डेपोच्याच गाडीत सुनेला घालून त्यांनी हॉस्पिटल गाठलं. नाकवालीने जाताना एकवीसच्या रांगेतली एक कुंडी उचलली. मांडीवर सुनेचं डोकं आणि पायाशी ती कुंडी, अशी ती गाडीत बसली होती. वाटेत सुनेचा श्वास आखूड होत गेला.

दारातच तरुण डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लंय? नक्की कोणतं झाड? अंदाज नको, मला खात्रीने सांगा."

मुलगा म्हणाला, "आईला विचारा. तिचं नाक कधी चुकत नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मुलगा, डेपोतली माणसं, दोन नर्स. तिने कुंडी पुढे केली. "हे झाड आहे. विषारी आहे. पण मी नाही ओळखलं. मला चार वर्षं वास येत नाही, मी सगळ्यांशी खोटं बोलले. हे हिने ओळखलंय, जिभेने. तुम्ही चुरडून बघा. उंदराच्या बिळासारखा वास आला तर तेच."

डॉक्टरने पान चुरडलं आणि लगेच मान मागे घेतली. सुनेला आत नेलं. मुलाने आईकडे बघितलं, ते बघणं ती अजून विसरलेली नाही. तो जाऊन काचेच्या दाराशी उभा राहिला, आणि पुढचे नऊ दिवस सुनेचा श्वास यंत्र घेत होतं तोवर त्या दारापासून फारसा हलला नाही. दहाव्या दिवशी तिने स्वतःचा श्वास स्वतः घेतला.

सून घरी आली. पाय परत आले, हातही आले, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी मंद राहिली. जीभ मात्र गेली. गोड, कडू, तिखट, काही कळत नाही. तिच्या ताटात मीठ मुलगा बघून घालतो.

त्याच आठवड्यात नाकवालीने कुदळ घेतली आणि सोळाच्या सोळा वाफे खणले. आपलं कुठलं, सवत कुठली, बघितलं नाही. सासूबाईंनी लावलेली झाडंसुद्धा काढली. मुळं हातभर खोल गेली होती. पोत्यात भरून ती जाळली. दारात पाटी लावली, नर्सरी बंद आहे. मास्तरांनी येऊन विचारलं, निदान एक तरी ठेवायचं होतं. ती म्हणाली, "कुठलं ठेवू?"

थंडी संपली. ऊन तापायला लागलं तसं एका सकाळी सुनेने खिडकीतून हाक मारली. नाकवाली बाहेर आली. सोळाही वाफ्यांत हिरवे कोंब आले होते. कुदळीने तुटून जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांतून ते फुटले होते, पहिल्यापेक्षा दाट, वरपासून नाल्यापर्यंत. देठ सगळ्यांचे हिरवेगार, डाग एकावरही नाही.

सून दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. 

"काही आपली असतील त्यात," सून म्हणाली.

"असतील."

सुनेने हात लांब करून जवळचं एक पान खुडलं, चुरडलं आणि हुंगलं. मग सासूकडे बघितलं. "वास येतोय, आई. पण कुठला, ते नाही सांगता येत मला. तुम्ही शिकवलंच नाहीत."

नाकवालीने तिच्या हातातलं पान काढून घेतलं आणि तिचे हात साबणाने दोनदा धुतले. मग शेडमधून कुदळ आणली आणि नाल्याच्या बाजूने खणायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पुन्हा खणावं लागणार, हे तिला माहीत होतं.